लीगचं स्टुअर्डिंग कसं करायचं: रिप्ले, रिपोर्ट आणि पेनल्टी

रेस संपते रात्री साडेअकराला आणि पावणेबाराच्या आत ग्रुपवर पहिला मेसेज पडलेला असतो, "27 नंबरला काही दिसतं का नाही". ज्यांनी छोटी का होईना सिम रेसिंग (कॉम्प्युटरवरच्या कार रेस) लीग चालवलीय त्यांना हा मेसेज पाठ असेल. आमची लीग ॲसेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेमवर जीटी3 (स्पोर्ट्स कारचं रेसिंग रूप) गाड्यांची आहे, पुणे नाशिक कोल्हापूरची पोरं, दोघंतिघं जर्मनीत शिकायला गेलेले तिकडून जॉईन होतात, ग्रिड वीस-बावीस गाड्यांचं. मी काही सीझन स्टुअर्डिंग, म्हणजे तक्रार आली की रिप्ले बघून चूक कोणाची ते ठरवायचं काम, बघतोय. पहिल्या सीझनला एका पेनल्टीवरून दोन चांगले मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि पेनल्टी होती फक्त 5 सेकंदांची, म्हणजे रेसच्या वेळेत तेवढे वाढवलेले. निर्णय आजही मला बरोबरच वाटतो, पण आम्ही नुसतं "कार 14, 5 सेकंद" एवढंच टाकलं होतं, कारण लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की सेकंद किती दिले याच्यापेक्षा ते का दिले हे समोरच्याला कळणं जास्त महत्त्वाचं आहे. खाली जे लिहितोय ते सगळं त्यासाठीच.

आधी एक प्रश्न नेहमी येतो, गेममध्ये ऑटोमॅटिक सिस्टीम आहे ना मग माणसं कशाला बसवायची. आयरेसिंग या ऑनलाईन रेसिंग प्लॅटफॉर्मचं घ्या, रोड रेसिंगला ट्रॅकबाहेर गेलात की 1 एक्स (एक्स म्हणजे चुकीचा गुण), गाडीवरचा ताबा सुटला की 2 एक्स, दुसऱ्या गाडीशी जोरात टक्कर झाली की 4 एक्स, आणि ते 4 एक्स दोघांनाही लागतात, ठोकणाऱ्यालाही आणि ज्याला ठोकलं त्यालाही, कारण चूक कोणाची हे ती सिस्टीम ठरवतच नाही. एवढ्या मोठ्या प्लॅटफॉर्मला हे चालतं, शेकडो रेसचा हिशोब धरला तर जो सारखा नको तिथे घुसतो त्याचंच सेफ्टी रेटिंग घसरत जातं. पण आपल्या आठ-दहा रेसच्या सीझनमध्ये एकदा जरी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली तरी एखाद्याची चॅम्पियनशिप जाते. म्हणून माणसं लागतात.

सीझन सुरू व्हायच्या आधी तीन गोष्टी लिहून पिन करून टाका. एक, स्टुअर्ड कोण. कमीत कमी तिघं असू द्या म्हणजे मत फुटलं तरी निकाल लागतो, आणि दोघं राखीव ठेवा, कारण स्टुअर्ड स्वतः रेस करत असेल तर तो स्वतःच्या किंवा टीममेटच्या इन्सिडंटवर (टक्कर किंवा वादाचा प्रसंग) निर्णयाला बसायचा नाही, चॅम्पियनशिपमध्ये त्या दोघांपैकी कोणाशी थेट स्पर्धा असेल तरी नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे सगळ्यांनाच होतं, माणूस कितीही सरळ असू दे. दोन, पेनल्टीचा तक्ता. तीन, रिपोर्टची वेळ. आमच्याकडे रेस संपल्यावर 24 तास रिपोर्ट घेतो, पुढचे 24 तास समोरच्याला उत्तर द्यायला, आणि पुढच्या रेसच्या दोन दिवस आधी सगळे निर्णय बाहेर. भिजत घोंगडं ठेवलं की ग्रुपवर लोकच न्यायाधीश होतात. इन्सिडंटबद्दल ग्रुपवर किंवा रेसच्या चॅटमध्ये बोलायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा, नाहीतर स्टुअर्डनी क्लिप बघायच्या आधीच वीस जणांची मतं त्यांच्या डोक्यात बसलेली असतात.

रिपोर्टमध्ये एवढंच मागा: कितवी लॅप (ट्रॅकची फेरी), रिप्लेमधली वेळ, कुठला कॉर्नर, दोन्ही गाड्यांचे नंबर, आणि काय झालं ते तीन-चार ओळींत. सोबत क्लिप, पण कापून स्लो मोशन लावलेली नाही, कॉर्नरच्या दहा सेकंद आधीपासून पाच सेकंद नंतरपर्यंत नॉर्मल स्पीडची. कॉम्पिटिझिओनेचं एक लक्षात ठेवा, सर्व्हर रिप्ले ठेवत नाही, तो प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असतो आणि त्याची लांबी सेटिंगमध्ये ठरलेली असते, त्यामुळे लांब रेसमध्ये सुरुवातीच्या लॅप पुसल्या जातात आणि नेमका पहिल्या लॅपचाच राडा हरवतो. सगळ्यांना सीझनच्या आधीच ते सेटिंग वाढवायला सांगा आणि रेस संपली की सर्व्हरमधून बाहेर पडायच्या आधी रिप्ले सेव्ह करायला सांगा.

आता क्लिप बघायची कशी. पहिल्यांदा नॉर्मल स्पीडला, जो मागून आला त्याच्या कॉकपिटमधून. मग नॉर्मल स्पीडलाच पुढच्याच्या कॉकपिटमधून. त्याच्यानंतर वरून किंवा चेज कॅमने (गाडीच्या मागून चालणारा कॅमेरा) आणि सगळ्यात शेवटी स्लो. हा क्रम उगाच नाही, स्लो मोशनमध्ये प्रत्येक माणूस दोषी वाटतो कारण त्याला विचार करायला भरपूर वेळ होता असं दिसतं, प्रत्यक्षात त्याच्याकडे अर्धा सेकंद पण नसतो. दुसरी सवय जी मला सगळ्यात उपयोगी पडली ती म्हणजे त्याच ड्रायव्हरच्या आधीच्या तीन लॅप त्याच कॉर्नरला बघायच्या. नेहमी कुठे ब्रेक मारतो आणि यावेळी कुठे मारला. नेहमीच्याच जागी मारला आणि पुढचाच लवकर थांबला तर गोष्ट वेगळी, आणि पंधरा मीटर उशिरा मारला तर मग "तो लवकर थांबला" हे सांगायला जागाच राहत नाही.

मग नेटकोड, म्हणजे गेम इंटरनेटवरून सगळ्यांच्या गाड्यांच्या जागा जुळवतो तो भाग. हा भाग आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा आहे कारण अर्धी पोरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि दोघं युरोपातून. साधं गणित बघा, ताशी 216 किलोमीटरला गाडी सेकंदाला 60 मीटर जाते, म्हणजे 100 मिलिसेकंदात 6 मीटर, आणि जीटी3 गाडी असते साधारण साडेचार मीटरची. तुमच्या स्क्रीनवर समोरची गाडी जिथे दिसते ती गेमने अंदाजाने तिथे ठेवलेली असते, त्यामुळे एकाच्या रिप्लेत दोघांमध्ये हातभर फट आणि दुसऱ्याच्या रिप्लेत सरळ बंपर लागलेला, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून शेजारी-शेजारी घासलं असेल किंवा मागून लागलं असेल तर दोघांच्याही मशीनवरचा रिप्ले मागवल्याशिवाय निर्णय द्यायचाच नाही. दोन्हीत खूप फरक असेल तर "नेटवर्कमुळे, पेनल्टी नाही" असं लिहून सोडून द्या. मात्र ज्याचं पिंग (सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ) रेसभर उड्या मारतंय त्याच्यावर जबाबदारी आहे की त्याने चिकटून चालवू नये, हे नियमात आधीच लिहा आणि पिंगची मर्यादा पण ठरवा.

खरी भांडणं कॉर्नरची असतात, जागा कोणाची. इथे हवेत बोलण्यापेक्षा काहीतरी मोजता येईल अशी रेघ पाहिजे. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हिंगच्या गाईडलाईन्स एफआयएने (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) 2025 मध्ये सगळ्यांसाठी जाहीर केल्या, त्यात आतल्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा ॲक्सल (पुढच्या चाकांचा दांडा) एपेक्सच्या (कॉर्नरचा सगळ्यात आतला बिंदू) आधी आणि एपेक्सला निदान समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीत पाहिजे, आणि गाडी ताब्यात राहून ट्रॅकच्या आतच कॉर्नर पूर्ण झाला पाहिजे, तरच त्याला जागा मागायचा हक्क. आतून जाणाऱ्यासाठी ही रेघ आम्ही जशीच्या तशी घेतली आणि निम्मे वाद तिथेच संपले. बाहेरून जाणाऱ्यासाठी तिथे अजून कडक आहे, एपेक्सला त्याचा पुढचा ॲक्सल समोरच्याच्या पुढच्या ॲक्सलच्या पुढे पाहिजे. हे मला आपल्या लेव्हलला पटत नाही, कारण मग आतला माणूस बिनधास्त बाहेरच्याला गवतावर ढकलतो आणि नियम दाखवतो. आम्ही ठेवलंय की पुढचं चाक समोरच्याच्या दरवाजापर्यंत आलेलं असेल तर एक गाडीभर जागा सोडायचीच. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर, पण एकदा ठरवलं की सीझनच्या मध्ये बदलू नका.

डिफेन्ससाठी, म्हणजे मागच्याला अडवताना, एकदाच लाईन बदलायची, रेसिंग लाईनवर (कॉर्नरचा सगळ्यात वेगवान मार्ग) परत येताना कडेला एक गाडीभर जागा, आणि ब्रेकिंग सुरू झाल्यावर हलायचं नाही. ट्रॅकवर परत येणाऱ्याने सगळ्यांना जाऊ द्यायचं, त्याची घाई हे कारण होत नाही. ब्लू फ्लॅगला (मागून एक लॅप पुढे असलेली गाडी येतेय अशी खूण) लॅप पडणाऱ्याने आपली लाईन धरून ठेवायची, अचानक बाजूला झालात तर तोच अपघात होतो.

पहिल्या लॅपला मात्र वेगळा चष्मा लावा. इटलीतल्या मोन्झा ट्रॅकचं उदाहरण घ्या, लांब सरळ रस्ता आणि शेवटी पहिला शिकेन (लागोपाठ उलटसुलट वळणं) एकदम अरुंद, पुढचे थांबले की मागच्यांना ॲकॉर्डियनसारखं आकसावं लागतं, त्यात सातव्या नंबरचा सहाव्याला लागला तर बऱ्याचदा त्याला स्वतःला अकराव्याने ढकललेलं असतं. म्हणून आधी साखळीचं पहिलं टोक शोधा, पाच सेकंद मागे जाऊन सगळ्यात मागून बघत या. थोडी सूट द्या पण माफी नको, जो शंभर मीटर आधीच दिसत असताना ब्रेकच मारत नाही त्याला पहिली लॅप होती म्हणून सोडू नका.

पेनल्टी ठरवताना आमचा क्रम असा: चूक केवढी हे आधी, नुकसान केवढं हे नंतर. हलका धक्का, कोणाचं काही गेलं नाही, तर वॉर्निंग. समोरच्याची जागा गेली आणि तुम्ही थांबून एका लॅपच्या आत परत दिली, तर काहीच नाही, आणि असं करणाऱ्याचं निर्णयात नाव घेऊन कौतुक करा, यामुळे लीगची हवाच बदलते. जागा गेली आणि परत दिली नाही, 5 सेकंद. स्पिन करवला (समोरच्याची गाडी गरकन फिरवली) आणि चार-पाच जागा गेल्या, 10 सेकंद आणि पेनल्टी पॉइंट. रेसच संपवली तर 20 ते 30 सेकंद. पण सेकंदांत एक खोट आहे, छोट्या ग्रिडवर मागचा माणूस 40 सेकंद लांब असतो तेव्हा ते 5 सेकंद म्हणजे शून्य, ज्याचं नुकसान झालं तो हे बघतो आणि त्याचा विश्वास उडतो. तेव्हा पेनल्टी पुढच्या रेसवर न्या, पिटलेनमधून (ट्रॅकच्या बाजूची, गाड्या थांबायची लेन) स्टार्ट किंवा क्वालिफाईंगचा (स्टार्टची जागा ठरवणारं सत्र) निम्मा वेळ बंद.

पेनल्टी पॉइंटचा हिशोब वेगळा ठेवा, कारण प्रत्येक आठवड्याला एक छोटी चूक करणारा प्रत्येक वेळी 5 सेकंदांवर सुटतो. फॉर्म्युला वनमध्ये 12 महिन्यांत 12 पॉइंट झाले की एक रेस बाहेर, 2024 मध्ये केविन मॅग्नुसनचे मोन्झाला 12 झाले आणि त्याची बाकूची रेस गेली. आपल्या छोट्या सीझनला 6 पुरेसे आहेत.

रेस चालू असताना पेनल्टी शक्यतो देऊ नका. कॉम्पिटिझिओनेत ॲडमिनला चॅटमधून टीपी5, टीपी15 (5 किंवा 15 सेकंद), डीटी (ड्राईव्ह-थ्रू, पिटलेनमधून एक चक्कर), एसजी10 (पिटमध्ये 10 सेकंद थांबणं) अशा कमांड गाडीच्या नंबरसोबत देता येतात आणि ड्राईव्ह-थ्रू तीन लॅपमध्ये भरावा लागतो, पण एकदा माणूस पिटलेनमधून फिरून आला की ते सेकंद त्याला परत देता येत नाहीत, मग निर्णय चुकला तर काय करणार. मी लाईव्ह फक्त दोन गोष्टींसाठी वापरतो, कोणी उलटा चालवतोय किंवा मुद्दाम गाड्या अडवतोय.

मुद्दाम केलेल्याला तक्ता लागू नाही, थेट बाहेर. मोठ्या लोकांकडून पण हे झालंय, मे 2020 मध्ये इंडीकार या अमेरिकन रेस मालिकेच्या ऑनलाईन रेसला व्हर्च्युअल इंडियानापोलिसवर सिमॉन पॅजेनोने लँडो नॉरिसच्या समोर मुद्दाम स्पीड कमी केला आणि नॉरिसची रेस गेली. त्याच महिन्यात डॅनिएल ॲप्टने फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेच्या ऑनलाईन रेसला स्वतःच्या जागी एक प्रोफेशनल सिम रेसर बसवला, तो डिसक्वालिफाय झाला, 10,000 युरो चॅरिटीला द्यावे लागले आणि त्याच्या टीमने, ऑडीने, त्याला सस्पेंड केलं. "गेमच तर आहे" म्हणणाऱ्यांना मी ही दोन उदाहरणं सांगतो, समोरच्याने आठवडाभर रात्री जागून प्रॅक्टिस केलेली असते.

आता निर्णय लिहिणं. आमचा नमुना असा असतो: "रेस 4, मोन्झा, लॅप 9, दुसरा शिकेन. कार 27 आतल्या डाव्या बाजूने गेली, एपेक्सच्या आधी तिचा पुढचा ॲक्सल कार 8 च्या मागच्या चाकापर्यंतच होता, आधीच्या तीन लॅपपेक्षा ब्रेक अंदाजे 15 मीटर उशिरा. कार 8 नेहमीच्या लाईनवर. दोन्ही रिप्लेत टक्कर सारखीच दिसते. कार 8 स्पिन, चार जागा गेल्या, कार 27 थांबली नाही. 10 सेकंद, 2 पॉइंट. कार 27 चं म्हणणं की कार 8 लवकर वळली, ते बघितलं, वळायची जागा आधीच्या लॅपसारखीच आहे." ती शेवटची ओळ कधीच गाळू नका. त्याने जे म्हटलं ते तुम्ही तपासलं हे त्याला तिथेच दिसतं. "बेजबाबदार", "आंधळेपणा" असले शब्द नकोत, ज्याची चूक त्या ड्रायव्हरचं नाव पण नको, फक्त गाडीचा नंबर. पेनल्टी नाही दिली तरी कारण तेवढंच सविस्तर लिहा, रिपोर्ट करणाऱ्याला पण उत्तर पाहिजे असतं.

अपील एकदाच, 24 तासांत, नवीन पुरावा असेल तरच, आणि ते राखीव स्टुअर्ड बघतील, पहिले तिघं नाही. निर्णय बदलला तर जुना डिलीट करू नका, त्याच्याच खाली नवीन लिहा आणि काय बदललं ते सांगा. आमच्याकडे ही सगळी जुनी निकालपत्रं एका शीटमध्ये कॉर्नरप्रमाणे लावून ठेवलीत, नवीन स्टुअर्ड आला की मी त्याला पहिला आठवडा तीच वाचायला देतो आणि जुन्या क्लिप दाखवून विचारतो की तू काय दिलं असतंस.