देणगीचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेण्याआधी

कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतला नायट्रोजन अडकवून पेशंटला ऑक्सिजन देणारं विजेवरचं मशीन. 'पाठवा' म्हणायच्या आधी नेमप्लेटचा, म्हणजे मशीनवरच्या माहितीच्या पट्टीचा, फोटो मागवा. व्होल्टेज सगळेच बघतात. त्याच्या शेजारचा हर्ट्झचा (विजेच्या वारंवारतेचा) आकडा बघा. मागच्या वेळी तोच राहिला. दवाखान्यात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि प्लेटवर ११५ व्होल्ट, फक्त ६० हर्ट्झ असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ जिथल्या तिथे. मग कॉम्प्रेसरची मोटर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते, तापते, दाब कमी पडतो आणि झिओलाइटमध्ये (नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या दाण्यांमध्ये) नायट्रोजन नीट अडकत नाही. फ्लोमीटरची (मिनिटाला किती लिटर वाहतंय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी मात्र ५ लिटरवर तरंगतच असू शकते. त्यातला ऑक्सिजन किती, हे गोळीला काय कळणार?

म्हणून ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर हवाच. मशीन थोडा वेळ चालून स्थिरावू द्या, मग मोजा. धडधाकट मशीन ९३ टक्क्यांच्या आसपास दाखवतं. ८२ च्या खाली गेलं तर पेशंटला लावायचं नाही.

५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, म्हणून ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर पुरेल असं समजू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. १ केव्हीएचा (१००० व्हीए) घ्या. आणि नाही, स्टॅबिलायझरही हर्ट्झ बदलत नाही. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे; मीटर लावा. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल व्होल्टेज जवळजवळ सारखं आलं पाहिजे.

मशीन उभंच आणायचं, आडवं नाही. भिंतीपासून ३० सेंटिमीटर लांब ठेवा, पडद्याआड नको. हवा ओढणाऱ्या बाजूचे फिल्टर दोन ठेवा: दर आठवड्याला एक धुवायचा, तो वाळेपर्यंत दुसरा आत. ओला फिल्टर बसवला तर ओल झिओलाइटपर्यंत जाते आणि झिओलाइट धुऊन परत मिळत नाही. नेझल कॅन्युला (नाकात लावायच्या नळ्या) नवजात बाळांच्या मापाच्याही मागवा, त्याच नेमक्या विसरतात.

ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीत डिस्टिल्ड पाणी, रोज बदलायचं. पेशंटकडे जाणारी नळी दुमडून बघा: गोळी खाली आली नाही तर बाटलीचं झाकण गळतंय.

आणखी हवं ते: सर्व्हिस मॅन्युअल, नुसतं यूजर मॅन्युअल नव्हे. तासांच्या मीटरची (मशीन किती तास चाललं त्याची) नोंद. वीज गेली तर भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि पान्यासकट.

चार मशीन आली तर चारही प्लेटा वाचा. एकाच खेपेत ५० आणि ६० दोन्ही निघू शकतात.