जुना डीव्हीआर घरच्या वाय-फायवर आणताना त्याच्या दारात राखणदार कसा बसवावा

मित्राने नवे कॅमेरे बसवले आणि जुना चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, माझ्या गळ्यात मारला. "तुला असल्या उचापती आवडतात, घेऊन जा." पेटी ठणठणीत होती. अडचणी दोनच. कॅमेऱ्यांच्या कोअ‍ॅक्स केबली जिथे येऊन थांबतात तिथून राउटर लांब, आणि पेटीतलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की बनवणाऱ्याने तिचं नाव टाकलंय. दोन्हींवर उपाय एकाच अडगळीच्या वस्तूत सापडला, ती म्हणजे कपाटात पडलेला जुना वाय-फाय राउटर. तो पेटीला बिनतारी जोडून देतो आणि तिच्या दारात राखणदार म्हणूनही बसतो.

राखणदाराची गरज काय, पासवर्ड बदलला की झालं, असं मलाही वाटायचं. २०१६ साली मिराई नावाचा बॉटनेट (बळकावलेल्या उपकरणांची फौज उभी करणारा घातक प्रोग्राम) अशाच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांमध्ये शिरला. त्याची युक्ती अगदी बाळबोध होती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो इंटरनेटभर टेलनेटचं (उपकरणाला लांबून हुकूम द्यायच्या जुन्या सोयीचं) दार ठोठावत फिरायचा आणि उघडलं की आत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर जो मारा झाला त्यात मिराईने बळकावलेली असली उपकरणं मोठ्या संख्येने होती, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना काही तास उघडेनात. मिराई फक्त मेमरीत राहायचा, त्यामुळे पेटी बंद-चालू केली की जायचा. पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत हजर.

मेख पुढे आहे. अशा कित्येक पेट्यांच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि मेनूमधला पासवर्ड वेगळा, आतल्या लिनक्सचा वेगळा. मेनूतला तुम्ही बदलता. आतला फर्मवेअरमध्येच (पेटीत कायमच्या भरलेल्या सॉफ्टवेअरमध्येच) कोरलेला असतो, तो बदलायची सोयच दिलेली नसते. म्हणून मी पेटीवर भरवसा ठेवायचं सोडून दिलं. तिने कोणाशी बोलायचं हे आता तिच्या बाहेर बसलेला राउटर ठरवतो.

आधी पेटी उघडून बघा

अ‍ॅडॅप्टर काढा, चार स्क्रू सोडवा, धूळ झटका, पंखा बोटाने फिरवून बघा. बोर्डावर नाण्यासारखा सेल दिसेल, बहुतेक सीआर२०३२. तो ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या आसपास किंवा खाली दिसला तर बदलून टाका. माझ्या पेटीतला पार मेला होता, म्हणून वीज गेली की तिचं घड्याळ १ जानेवारी २००० वर जाऊन बसायचं. रेकॉर्डिंग होत राहायचं, पण शोधायचं कुठल्या तारखेला?

हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा आणि स्मार्ट चाचणीचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडे वाचा. 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींपुढे शून्य हवं. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर जीव टाकू नका. डिस्क दुसऱ्याकडून आलेली असेल तर त्यावर त्याच्या घराचं चित्रण आहे हे विसरू नका. उत्सुकता आवरा, डिस्क पूर्ण पुसा, मग पेटीतच फॉरमॅट करा.

डिस्क किती दिवस पुरेल? एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे चित्राच्या डेटाचा वेग, २ मेगाबिट प्रतिसेकंद धरला तर सेकंदाला पाव मेगाबाइट, तासाला ९०० मेगाबाइट, दिवसाला २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर साडेअकरा दिवस, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा असं सांगितलं तर दिवस बरेच वाढतात. पण झाडाची फांदीही हालचालच असते, एवढं ध्यानात ठेवा.

बंद करण्यापूर्वी एक बारीक गोष्ट. डीव्हीआर आणि राउटर यांच्या अ‍ॅडॅप्टरची पिन बऱ्याचदा सारखी असते आणि व्होल्टेज वेगळं. दोन्हींवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

राउटर कुठला घ्यायचा

ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा. हे राउटरसाठीचं लिनक्स आहे. लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरचा सोर्स कोड २००३ मध्ये कंपनीला खुला करावा लागला, त्यावर हौशी मंडळींनी २००४ पासून हा प्रकल्प उभारला. नावातलं 'डब्ल्यूआरटी' तिथलंच. मात्र खुद्द त्या जुन्या राउटरवर आजच्या आवृत्त्या मावत नाहीत. १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅम असेल तर बिनधास्त घ्या, त्याहून कमी असेल तर ओढाताण होते. मॉडेलचं नावच नव्हे, मागच्या लेबलवरचा हार्डवेअर व्हर्जनचा आकडाही प्रकल्पाच्या यादीशी ताडून बघा. एकाच नावाच्या दोन राउटरमध्ये आत वेगळीच चिप निघते, आणि चुकीची फाइल चढवली की राउटरचा पेपरवेट होतो.

आधी पत्ता बदला

ताज्या ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. घरातल्या मुख्य राउटरचाही बहुधा तोच. दोघं एकाच पत्त्यावर असताना जोडले तर कोणाचं पाकीट कोणाकडे जायचं हे दोघांनाही कळत नाही, आणि तुम्ही तासभर वाय-फायचा पासवर्ड परत परत टाइप करत बसता. म्हणून वाय-फायला हात लावण्यापूर्वी कॉम्प्युटर केबलने जुन्या राउटरला जोडा, रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड ठेवा (सुरुवातीला तो नसतोच) आणि लॅनचा, म्हणजे आतल्या बाजूचा, पत्ता १९२.१६८.२.१ करा.

इथे एक गंमत आहे. बदल लागू केला की राउटर ९० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात तुम्ही नव्या पत्त्यावर हजर झाला नाहीत तर 'याने स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं' असं समजून जुनी सेटिंग परत आणतो. तेव्हा लगेच केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे कॉम्प्युटर नवा पत्ता घेईल, आणि ब्राउझरमध्ये नवा पत्ता उघडा. मी पहिल्यांदा पाणी प्यायला उठलो होतो.

आता वायरलेसच्या पानावर स्कॅन करा, घरचं नेटवर्क निवडा, 'जॉइन' म्हणा, पासवर्ड द्या. फायरवॉल (पाकिटांची ये-जा अडवणारी यंत्रणा) झोन विचारेल तिथे 'वॅन' निवडा. या राउटरच्या लेखी आता तुमचं घरचं नेटवर्क हेच 'बाहेर' आणि डीव्हीआर हा एकटाच 'आत'. मुख्य राउटरवर जाऊन या जुन्या राउटरचा पत्ता कायमचा करून ठेवा, समजा १९२.१६८.१.२०. तसंच डीव्हीआर केबलने जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा आणि त्या राउटरवर त्याला १९२.१६८.२.१० बांधून द्या. यापुढे जुन्या राउटरचं सेटिंगचं पान घरच्या वाय-फायवरून उघडणार नाही, त्यासाठी केबलच लावावी लागेल. ते बरंच आहे.

मग दोन नियम

फायरवॉलच्या पानावर 'लॅनमधून वॅनकडे' जायची परवानगी असते, ती काढून टाका. झालं, पेटी स्वतःहून कुठेही जाऊ शकत नाही, ना इंटरनेटवर ना तुमच्या लॅपटॉपकडे. मुख्य राउटरवर पोर्ट (जोडणीचं क्रमांकित दार) फॉरवर्ड न करणं एवढ्यावर विसंबून चालत नाही. यूपीएनपी चालू असेल तर पेटी राउटरला परस्पर सांगून दार उघडून घेते. शिवाय मोबाइल अ‍ॅपसाठीची 'पी२पी' सोय कंपनीच्या सर्व्हरशी आतून बाहेर जोडणी करते, तिला दार लागतच नाही. तरी या दोन्ही गोष्टी डीव्हीआरच्या मेनूतूनही बंद करा.

दुसरा नियम उलट्या दिशेचा. वॅनवर ५५४ पोर्टला आलेली जोडणी १९२.१६८.२.१० च्या ५५४ कडे पाठवा. हे आरटीएसपीचं पोर्ट, थेट चित्र यावरून मिळतं. वेब पानाचं ८० मी उघडलंच नाही. जुन्या पेट्यांचं ते पान इंटरनेट एक्सप्लोररचं प्लगइन मागतं आणि आजच्या ब्राउझरमध्ये सहसा उघडतही नाही.

आता व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये १९२.१६८.१.२० चा आरटीएसपी पत्ता द्या. पुढचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पेटीच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. पासवर्ड स्वीकारला जातो, पण पडदा काळाच राहतो किंवा बऱ्याच वेळाने चित्र येतं? घाबरू नका, नियम नीट लागल्याचीच ती खूण आहे. आरटीएसपीमध्ये बोलणी ५५४ वर होतात, पण चित्र सहसा यूडीपीने (जोडणी न बांधता पाकिटं टाकायच्या पद्धतीने) वेगळ्या पोर्टवरून पाठवलं जातं, आणि ते पेटीने स्वतःहून बाहेर टाकलेलं पाकीट असल्यामुळे आपला राखणदार अडवतो. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये आरटीएसपी टीसीपीवरून चालवायला सांगा, म्हणजे बोलणं आणि चित्र एकाच जोडणीतून येईल.

तरीही काही दिसत नसेल तर डीव्हीआरमध्ये गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जायचं दार) १९२.१६८.२.१ आहे का बघा. 'गेटवे रिकामा ठेवला की इंटरनेट बंद' अशी एक शॉर्टकट युक्ती आहे. ती मी आधीच करून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो. गेटवे नसेल तर पेटीला दुसऱ्या नेटवर्कवर उत्तर पाठवता येत नाही. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

घड्याळाचं काय

इंटरनेट तोडलं की पेटीला वेळ कोण सांगणार? ओपनडब्ल्यूआरटीच्या सिस्टिमच्या पानावर 'एनटीपी सर्व्हर पुरवा' असा पर्याय आहे, तो चालू करा, आणि डीव्हीआरच्या मेनूत एनटीपी सर्व्हर म्हणून १९२.१६८.२.१ लिहा. जुना राउटर स्वतः बाहेरून वेळ घेतो आणि आत पेटीला देतो. टाइम झोन दोन्हीकडे तपासा.

वाय-फायकडून किती अपेक्षा ठेवावी

या मांडणीत मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी की रेकॉर्डिंग वाय-फायवर अवलंबून नाही. कॅमेरे कोअ‍ॅक्सने पेटीला, पेटीची डिस्क पेटीत. वाय-फाय गेलं तर फक्त लांबून बघणं थांबतं. चारही कॅमेऱ्यांचा मुख्य प्रवाह मिळून ८ मेगाबिट होतो, तेवढाही कशाला ओढायचा? बघायला सब-स्ट्रीम (कमी दर्जाचा हलका प्रवाह) वापरा, अर्ध्या मेगाबिटच्या आसपास.

जुन्या राउटरच्या पानावर सिग्नल दिसतो. उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत छान, उणे ८० म्हणजे रडतखडत. राउटर लोखंडी कपाटावरून उतरवून हातभर बाजूला ठेवला तरी आकडा सुधारतो. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर मुख्य राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल घ्या, मधले चॅनेल दोन्ही शेजाऱ्यांच्या अंगावर जातात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे तो चालू असताना चित्र अडखळलं तर नवल नाही.

मुख्य राउटरवर वाय-फायचं कुलूप डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. जुनं डब्ल्यूईपी २००१ पासूनच तुटलेलं आहे. आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याचा आठ आकडी पिन दिसतो तेवढा भक्कम नाही. शेवटचा आकडा तपासणीचा, म्हणजे आधीच्या सातांवरून काढता येणारा. उरले सात. राउटर पहिले चार वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे, त्यामुळे एक कोटीऐवजी १०,००० अधिक १,०००, म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ च्या अखेरीस हे उघड झालं.

राखणदार झोपलेला नाही ना?

एनमॅप हे पोर्ट तपासायचं साधन घ्या. वापरा मात्र फक्त स्वतःच्या पेटीवर. आधी लॅपटॉप जुन्या राउटरला केबलने जोडून १९२.१६८.२.१० ची सगळी ६५,५३५ टीसीपी पोर्ट तपासा. माझ्याकडे ८०, ५५४, कंपनीचं स्वतःचं एक, आणि हो, २३ उघडं होतं. टेलनेट! मेनूत त्याचा उल्लेखही नव्हता. मग घरच्या वाय-फायवर येऊन १९२.१६८.१.२० तपासा. इथे ५५४ सोडून काही उघडं दिसता कामा नये.

दुसरी बाजूही बघा. लॅपटॉपची केबल जुन्या राउटरलाच ठेवून आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून कुठलीही वेबसाइट उघडा. उघडली तर परवानगी काढायची राहिली आहे. हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटीमध्ये डीएनएस विचारणांची नोंद चालू करून रात्रभर ठेवा. पी२पी बंद करूनही माझी पेटी कुठल्याशा सर्व्हरचं नाव पुन्हा पुन्हा विचारत होती.

घराबाहेरून बघायचं असेल तर

त्यासाठी ५५४ इंटरनेटला उघडं करू नका. मुख्य राउटरवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड बसवा. हे व्हीपीएन (बाहेरून घरापर्यंतचा कूटबद्ध बोगदा) मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. फक्त एक यूडीपी पोर्ट लागतं, सहसा ५१८२०, आणि योग्य किल्ली नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. फोनवर वायरगार्ड चालू केलं की तुम्ही घरात असल्यासारखेच, पत्ता तोच १९२.१६८.१.२०. जमत नसेल तर मुख्य राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर सेवा देणाऱ्याने तुम्हाला अनेकांत वाटलेला पत्ता दिलाय आणि बाहेरून आत येता येणार नाही. मग स्वतंत्र पत्ता मागा, किंवा आयपीव्ही६ मिळतं का ते बघा.

सगळं लागलं की दोन्ही अ‍ॅडॅप्टर एकदम काढा, पाच मिनिटांनी परत लावा आणि कशालाही हात न लावता बसून राहा. चित्र आपोआप आलं, कोपऱ्यातली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली आणि मधली पाच मिनिटं सोडून रेकॉर्डिंग सलग सापडलं, तर पेटीवर झाकण चढवून स्क्रू घट्ट करा.