रेणू स्क्रीनवर फिरवताय? या चुका टाळा

टी.वाय.च्या मॉडेलिंग प्रॅक्टिकलमध्ये मला सगळ्यात जास्त छळतं ते ‘ऑप्टिमाइज’चं बटण. अ‍ॅव्होगाड्रोत (स्क्रीनवर रेणू काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेणू कसाबसा काढायचा, त्याला कमी एनर्जीच्या आकारात नेणारं ते बटण दाबायचं, थरथर थांबली की आकडा जर्नलमध्ये आणि पोरं टपरीवर.

एका वर्षी सायक्लोहेक्झेन दिलं होतं. एकाची सहा कार्बनांची वेडीवाकडी रिंग ट्विस्ट-बोटमध्ये, म्हणजे पिळलेल्या होडीच्या आकारात, जाऊन बसली. एनर्जी चेअरपेक्षा, म्हणजे सगळ्यात स्थिर अशा खुर्चीच्या आकारापेक्षा, मोलमागे साडेपाच-सहा किलोकॅलरी जास्त. ती फाइल पेन ड्राइव्हवरून बॅचभर फिरली. अठरा जर्नलं, तोच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत. व्हायव्हात विचारलं, “ही चेअर आहे?”

“हो मॅडम, ऑप्टिमाइज केलंय ना!”

अरे, सिंहगडावरचं पाणी उतारानंच वाहतं, पण गडावरच्या देवटाक्यात साठलं की तिथंच राहतं. पायथ्याच्या आतकरवाडीला पोचत नाही. ऑप्टिमायझेशनचंही तसंच. जवळचा खड्डा सापडला की काम संपलं. रेणूच्या कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढूनही हे पकडता येत नाही, कारण ट्विस्ट-बोट हाही खराच खड्डा आहे. काल्पनिक फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेणू खड्ड्यात नसल्याची खूण, एकही निघत नाही.

म्हणून माझ्या लॅबमध्ये पहिली वीस मिनिटं मॉनिटर बंद. आधी प्लॅस्टिकचं मॉडेल हातात घ्या, चेअर उलटवून बघा. मग तीन वेगवेगळ्या आकारांपासून सुरुवात करा आणि रिंगमधले डायहेड्रल, म्हणजे बॉण्डभोवतीच्या पिळाचे कोन, मोजा. चेअरमध्ये सहाही साधारण ५५ अंशांचे, एकाआड एक अधिक-उणे. ट्विस्ट-बोटमध्ये चार तिशीच्या आसपास, दोन साठीच्या वर. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरं दुखणं रंगांचं. ऑर्बिटलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या वेव्ह फंक्शनच्या, चित्रातला लाल-निळा म्हणजे त्या फंक्शनचं अधिक-उणे चिन्ह. विद्युतभाराशी त्याचा संबंध नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक पोटेन्शियलच्या नकाशात मात्र लाल म्हणजे सहसा ऋण बाजू. दोन्ही चित्रं एकाच तासाला दाखवली की गोंधळ ठरलेला, आणि तो माझ्याच हातून कितीतरी वर्षं झालाय. आता मी ऑर्बिटलचे रंग मुद्दाम हिरवा-पिवळा करून ठेवते.

बाकीच्या चुका किरकोळ. यूएफएफ आणि एमएमएफएफ९४ ही एनर्जी काढायची दोन वेगळी गणितं (फोर्स फील्ड) आहेत, एकीची एनर्जी दुसरीच्या एनर्जीतून वजा करू नका. स्क्रीनवरची बॉण्डची काडी बहुतेक वेळा नुसतं अंतर बघून काढलेली असते, तो पुरावा नव्हे. आणि पीडीबीतून (प्रोटीनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून) उतरवलेल्या एक्स-रे रचनेत हायड्रोजन बहुधा नसतातच, तेव्हा “मॅडम, ऑक्सिजन उघडाच आहे” म्हणत माझ्याकडे धावत येऊ नका. आधी हायड्रोजन जोडा.