टर्फच्या कामात येताय? आधी गवताखालचं बघायला शिका

सिव्हिलची मुलं डिप्लोमा झाला की रस्ते, बिल्डिंग किंवा सरकारी परीक्षा यांकडेच बघतात. मी कृत्रिम टर्फच्या, म्हणजे प्लास्टिकच्या गवताच्या मैदानाच्या, साइटवर सुपरवायझर म्हणून लागलो आणि याच कामात रमलो. आता तालुक्याच्या गावांतही बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलची टर्फ उभी राहताहेत, त्यामुळे या कामाला माणसं हवी आहेत. नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: खेळणाऱ्याचे गुडघे सांभाळतो तो गवताखालचा भाग, आणि गवताचा रोल अंथरल्यावर तो कुणालाच दिसत नाही.

सुरुवात मातीपासून होते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली, तर एकदोन पावसाळ्यांत मैदान लाटांसारखं होतं. म्हणून काळी माती काढायची, मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवायचा. त्यावर जाड खडी, मग बारीक खडी, शेवटी ग्रिट, म्हणजे दगडाची बारीक कच. उतार अर्धा ते एक टक्का पुरतो, पण पाण्याला वाट हवी, म्हणून कडेचे चर आणि पाइप आधीच टाकून घ्या. मालकाला घाई असते, तो ‘रोल कधी येणार?’ एवढंच विचारतो. तेव्हा दबून जाऊ नका.

बेस तयार झाला की 3 मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी घ्या. ती आडवी, उभी, तिरकी टेकवत सगळं मैदान फिरा आणि पट्टीखाली कुठे फट दिसते ते बघा. फिफाच्या निकषात तयार पृष्ठभागावर 3 मीटरच्या पट्टीखाली 10 मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही. बेसवरच ती राहिली, तर वरचं गवत ती झाकेल, भरून काढणार नाही. धावता धावता खेळाडूचा घोटा वळतो तो अशाच जागी.

फुटबॉलचं गवत साधारण 40 ते 60 मिमी उंच असतं. पात्यांमध्ये खाली वाळू भरतात, तिच्या वजनाने टर्फ जागेवर बसतं. वर रबराचे दाणे, ते धक्का शोषतात. वाळू धुतलेली आणि गोल कणांची हवी. धारदार कणांनी पातीही झिजतात आणि घसरून पडलेल्या पोराचं कातडंही सोलवटतं. फिफाच्या ‘क्वालिटी’ दर्जासाठी मैदानाने काँक्रीटच्या तुलनेत 55 ते 70 टक्के धक्का शोषावा लागतो. आपल्याकडे कित्येक टर्फ थेट काँक्रीटवर अंथरलेली असतात. तिथे खाली शॉक पॅड, म्हणजे धक्का शोषणारा मऊ थर, नसेल, तर डोक्यावर पडणारं मूल जवळपास काँक्रीटवरच पडतं. पैसे वाचवायला पॅड गाळायला सांगितलं, तर धोका लेखी कळवा.

हॉकीचं गणित वेगळं. तिथे पाती आखूड आणि दाट, रबर नाही, खेळाआधी पाणी मारतात. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी अशा पृष्ठभागावर गेली.

देखभाल करारात लिहून घ्या. गोलसमोर आणि पेनल्टी स्पॉटवर पायांनी दाणे उडून जातात, बाकी मैदान भरलेलं असलं तरी तिथली जमीन कडक होते. तिथे खोली मोजून दाणे परत भरावे लागतात, ब्रश फिरवावा लागतो. सुटे गोलपोस्ट जमिनीला घट्ट बांधलेले नसतील, तर मुलं लोंबकळताना ते उलटतात. जाळीच्या खांबांना पॅडिंग हवंच.

उष्णतेकडे लोक फार दुर्लक्ष करतात, आणि मला ते खटकतं. खरं गवत पाणी बाष्प करून थंड राहतं. प्लास्टिकला ते जमत नाही, त्यात काळं रबर. मे महिन्यात दुपारी असं मैदान अनवाणी पायाला भाजतं. पाणी मारलं तर थोडा वेळच ते थंड राहतं. मुलांच्या बॅचेस सकाळी आणि संध्याकाळीच ठेवायला सांगा.

रबराचे दाणे पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात, म्हणून कडेला ते अडतील अशी सोय करा. युरोपीय संघाने 2023 मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. मैदानातल्या दाण्यांना 2031 पर्यंत मुदत आहे. कॉर्कसारखे पर्याय आत्तापासून समजून घ्या, पुढे तेच काम वाढणार आहे.

हस्तांतर झालं की काम सोडून देऊ नका. पहिल्या पावसाळ्यानंतर मैदानावर जा, पाणी कुठे साचलं, कुठला सांधा उघडला ते फोटोसह नोंदवा आणि पुढच्या साइटचा बेस आखताना ती नोंद समोर ठेवा.