टकरीत सापडलेल्या भूपट्टावरच्या बलांचा हिशेब कसा मांडावा

बल अख्ख्या भूपट्टाचं (पृथ्वीच्या बाहेरच्या कडक थराच्या सरकत्या तुकड्याचं) काढू नका, सीमेच्या दर मीटर लांबीमागे काढा. मग आकडे लाख कोटी न्यूटनांत येतात आणि एकमेकांशी ताडता येतात. भूपट्टाचं त्वरण नगण्य असतं, म्हणून शेवटी बेरीज शून्य यायलाच हवी.

उदाहरणाला भारतीय भूपट्ट घेऊ. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपासचा त्याचा वेग पुढे ५ सेंटिमीटरवर उतरला.

आधी भूपट्टाला होणारा विरोध मोजा, कारण तोच त्यातल्या त्यात भरवशाने मोजता येतो. तिबेटची उंची ५ किमी, कवचाची (सगळ्यांत वरच्या हलक्या थराची) घनता २८०० आणि प्रावरणाची (त्याखालच्या जड थराची) ३३०० किलो प्रति घनमीटर, फरक ५००. ही उंची तोलायला खाली ५ × २८०० ÷ ५०० = २८ किमी मूळ, म्हणजे प्रावरणात खोल उतरलेलं कवच, लागतं. पूर्वीचं कवच ३५ किमी धरा. त्यात उंची आणि मूळ यांच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे १६.५ मिळवा: ५१.५ किमी. आता २८०० × ९.८ × ५००० × ५१५०० करा. उत्तर सुमारे ७ लाख कोटी न्यूटन प्रति मीटर. एवढ्या जोरानं तिबेट पसरू पाहतं आणि भारताला मागे रेटतं. (किलोमीटरचे मीटर करायचे राहिले, तर उत्तर दहा लाख पटींनी चुकतं.)

त्यात हिमालयाखालच्या मुख्य प्रस्तरभंगावरचं (ज्या भेगेवरून खडक सरकतात तिच्यावरचं) घर्षण मिळवा. १०० किमी रुंदीवर सरासरी २० मेगापास्कल धरले तर २ लाख कोटी. हा ताण गृहीत धरलेला आहे; ५ मेगापास्कल घालूनही पाहा.

विरोध झाला ९. समोर पुढे ढकलणारा सागरमध्य पर्वतरांगेचा (जिथे नवा समुद्रतळ तयार होतो त्या रांगेचा) रेटा जेमतेम ३. नावावर जाऊ नका: हा रेटा रांगेच्या रेषेवर लागत नाही, थंड होत जड झालेल्या सागरी शिलावरणात (भूपट्ट ज्याचा बनतो त्या कडक थरात) सगळीकडे पसरलेला असतो.

६ ची तूट दिसली की हात बुडत्या स्लॅबच्या (प्रावरणात शिरणाऱ्या सागरी भूपट्टाच्या) ओढीकडे जातो, आणि घोळ तिथेच होतो. खंडाचं हलकं कवच प्रावरणात बुडत नाही, आणि टेथिस सागराची (भारत आणि आशिया यांच्यामधल्या जुन्या समुद्राची) स्लॅब तर तुटून खाली गेली आहे. ही ओढ हिमालयाखाली मांडू नका. सुमात्राच्या गर्तेत सागरी तळ अजून बुडतो, पण तिथली दिशा वेगळी, त्यामुळे सरळ बेरीज चालत नाही. फोर्सिथ आणि उयेदा या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये केलं तसं पृथ्वीच्या केंद्राभोवतीचं आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) काढा.

राहिला तळाचा ताण, म्हणजे खालच्या प्रावरणाचा भूपट्टाच्या तळाशी होणारा घासटा. १ मेगापास्कल × भूपट्टाची लांबी ३००० किमी म्हणजे ३ लाख कोटी. इथे चिन्ह सांभाळा! प्रावरण भूपट्टाच्या दिशेनं त्याच्याहून वेगात वाहत असेल तर ते ढकलतं, मागे पडत असेल तर अडवतं. अडवतं धरलं तर तूट ९ होते, ढकलतं धरलं तर ३. आणि घर्षण ५ मेगापास्कलवर आणलं तर उरते दीड.