डिप्रेशन आहे, काउन्सेलिंगला जायचंय, पण तिथं जाऊन बोलायचं काय?

मी माझ्या काउन्सेलरकडे पहिल्यांदा गेले तेव्हा पहिली दहा मिनिटं नुसती पर्सच्या चेनशी खेळत बसले होते. सांगणार तरी काय, नवरा चांगला, नोकरी आहे, मुलगी गोड आहे, आणि तरी रोज सकाळी कल्याण स्टेशनवर लोकल समोरून निघून जायची आणि मी बाकड्यावर तशीच. शेवटी म्हणाले, "मॅडम, दोन महिने झाले, आमटीला फोडणी घालायचं पण जीवावर येतं, आणि रडू पण येत नाही." तेवढं पुरलं. पुढचं त्यांनी विचारत विचारत काढून घेतलं.

म्हणून पहिली गोष्ट, नीट मुद्देसूद बोलता येत नाही म्हणून जाणं टाळू नका. आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा, झोप कशी आहे, भूक कशी आहे, हे कधीपासून चाललंय, कुठली कामं सुटली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, आणि मरणाचे विचार येतात का. शेवटचं तर नक्की लिहा. बोलणं जमलं नाही तर कागद सरळ समोर ठेवा, चालतं, मी एकदा तसंच केलंय.

आता जायचं कधी? वाईट दिवस सगळ्यांनाच येतात, पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच जीव रमत नसेल, त्यात झोप-भूक बिघडली, अंगात त्राण नाही, आपण नालायक आहोत असं सारखं वाटतंय, तर थांबू नका. सोबत फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ पण बघून घ्या, कारण त्यात गडबड असली तरी माणूस असाच मरगळून जातो.

कुणाकडे जायचं यात लोकांचा फार गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर बोलून उपचार करतात, औषधं लिहून देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, ते बिनधास्त विचारा, त्यात अपमान वगैरे काही नाही. सौम्य डिप्रेशनमधे नुसत्या काउन्सेलिंगने पण खूप फरक पडतो, पण त्रास जास्त असेल तर औषधं आणि काउन्सेलिंग दोन्ही लागतात, आणि कुणी औषधांचं सुचवलं तर "मी वेडी झाले का" असं मनाला लावून घेऊ नका. गोळ्यांचा फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद तर अजिबात करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आता खरा मुद्दा. काउन्सेलिंग म्हणजे कुणीतरी शहाणं माणूस आपल्याला चार सल्ले देणार असं मला वाटायचं, आणि सल्ले तर घरात फुकट मिळत होते, आई म्हणायची देवदर्शनाला जाऊन ये, जाऊबाई म्हणायच्या कामात मन गुंतव. माझ्या काउन्सेलरने पहिल्या महिन्यात एकही सल्ला दिला नाही. एक वही करायला लावली. तासातासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढे मूडला ० ते १० मार्क. आठवड्याने आम्ही ती वही सोबत बघितली तेव्हा दिसलं की दिवसभर मी १ नाहीतर २ वर आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी एकदम ४. मंगळवारी काय केलं होतं? लिफ्ट बंद होती म्हणून खाली शेजारच्या काकूंसोबत वीस मिनिटं बसून मटार सोलले होते. बस्स, तिथून आमची सुरुवात झाली.

याच्यामागचं गणित असं आहे. मूड नसतो म्हणून आपण गोष्टी टाळतो, टाळल्या की ना कसला आनंद मिळत ना काही जमल्याचं समाधान, म्हणून मूड अजून खाली जातो, म्हणून अजून टाळतो. आपण वाट बघत बसतो की बरं वाटलं की करू, पण डिप्रेशनमधे उलटं चालतं, आधी करायचं, अगदी चिमूटभर, मग बरं वाटणं मागून येतं. आणि हेच एकट्याला जमत नाही, तिथं काउन्सेलर लागतो. किती छोटं पाऊल टाकायचं हे तो ठरवायला मदत करतो, आणि नाही जमलं तर न रागावता का नाही जमलं ते शोधतो. माझं पहिलं होमवर्क होतं, रोज सकाळी तुळशीला पाणी घालून पाच मिनिटं गॅलरीतच उभं राहायचं. सात दिवसांत तीनदा जमलं. त्यांनी त्या तीन दिवसांबद्दल विचारलं, उरलेल्या चारांबद्दल नाही.

हे काही फक्त शहरातल्या महागड्या क्लिनिकमधलं प्रकरण आहे असं समजू नका. गोव्यात संगत नावाची संस्था आहे, त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या लोकांवर नेमकी हीच पद्धत वापरली. समुपदेशन करणारी माणसं तिथलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण ट्रेनिंग घेतलेली, आणि सेशन फक्त सहा ते आठ. २०१७ साली याचा अभ्यास लॅन्सेटमधे छापून आला, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण माझं मटार सोलणं उगाच नव्हतं.

मग नंतर विचारांवर काम सुरू होतं, त्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात. माझ्या डोक्यात एकच चालायचं, "मी आई म्हणून नालायक आहे." त्यांनी हे वाक्य कागदावर लिहायला लावलं, एका बाजूला याचे पुरावे, दुसऱ्या बाजूला विरुद्ध पुरावे. डबा दोनदा विसरले हे एका बाजूला, आणि तापात तीन रात्री उशाशी बसले हे दुसऱ्या. वाक्य बदलून झालं, "मी आजारी आहे आणि त्यातही मुलीचं करतेय." खोटी पॉझिटिव्हिटी नाही यात, फक्त खरं काय ते आहे.

काउन्सेलर पटला नाही तर? बदला. माझीच याआधीची काउन्सेलर मला मधेच तोडायची आणि कृतज्ञतेवर बोलायची, दोन सेशननंतर मी सोडलं, आणि मग तीन महिने कुठेच गेले नाही, ही मोठी चूक झाली. तीन-चार सेशन द्या, पटत नाहीये हे त्यांना बोलून बघा, तरी नाही जमलं तर दुसरीकडे जा पण जाणं सोडू नका. आणि तुमचं बोलणं बाहेर जात नाही, जीवाला धोका वाटला तर मात्र ते घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत (नावाला घाबरू नका, तिथं ओपीडीत दाखवून लोक घरीच जातात), गोव्यात बांबोळीला आहे. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरच्यांसाठी थोडंसं. "सगळं तर आहे, मग काय झालंय तुला" हे प्लीज म्हणू नका. सोबत या, बाहेर बाकावर बसा, परत येताना काय बोललीस असं विचारू नका, चहा प्या फक्त. आणि ती किंवा तो मरणाबद्दल बोलला तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार वाढत नाहीत. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं, जास्तीच्या गोळ्या घरातून हलवा, १४४१६ लावा किंवा थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

शेवटच्या सेशनला आम्ही एक कागद केला, परत घसरायला लागले तर आधी काय काय दिसतं त्याचा. माझ्या कागदावर आहे: दोन दिवस अंघोळ टाळली, आईचा फोन उचलला नाही, चहा केला आणि प्यायचा राहिला. खाली काउन्सेलरचा नंबर. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, नवऱ्याला माहितीये कुठे आहे ते.