गावाकडं सेडान घ्यायची तर: नवी की जुनी, आणि पाहायची कशी

कापसाचे, सोयाबीनचे पैसे हातात आले की घरात चारचाकीचा विषय निघतो. सध्या सगळ्यांची ओढ उंच गाड्यांकडं आहे. त्यामुळंच सेकंड हँड बाजारात त्याच पैशात सेडान जास्त चांगल्या हालतीत मिळते. डिक्की वेगळी, लांबच्या रस्त्यावर गाडी स्थिर. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो, पण तुमचा रस्ता साथ देणारा हवा.

म्हणून सुरुवात शोरूमपासून नको, दारापासून करा. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी जाऊन या. मधे पांदण असेल आणि पावसाळ्यात तिथं बैलगाडी रुतत असेल, तर सेडानचा नाद सोडा. काळ्या मातीच्या चिखलात ती चालायची नाही. रस्ता बरा असेल, तर गतिरोधक आणि नाल्यावरचे रपटे बघा. डिझायरचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटर वर असतं, स्कोडा स्लाव्हियाचं 179. हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं बसली आणि डिक्कीत तुरीचं पोतं पडलं की गाडी आणखी खाली बसते, आणि दगड लागून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं तर सगळं ऑइल रस्त्यावर. चाचणीला घरची माणसं बसवूनच गाडी न्या, जमलं तर आपल्याच गावच्या रस्त्यावर.

मग नवी की जुनी. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर या त्यात बसतात. त्याहून मोठ्या सिटी, व्हर्ना यांना 40 टक्के लागतो. दर मात्र ऑन-रोडच विचारा, कारण रोड टॅक्स आणि विमा धरला की आकडा बराच वर जातो. रोजचं येणं-जाणं असेल आणि सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर नवी घ्या. तालुक्याला बाजार, कधी नागपूर-सेवाग्रामला दवाखाना, लग्नकार्य, एवढंच असेल तर चार-पाच वर्षांची पेट्रोल गाडी पुरे. हप्त्याचं ओझं डोक्यावर राहत नाही. 2022 नंतरची मिळाली तर उत्तम, तेव्हापासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची आहे. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं. जुनी डिझेल डिझायर स्वस्तात दिसली तर ती आधी टॅक्सी पासिंगला होती का, हे आरसीवरून (गाडीच्या नोंदणीपत्रावरून) आणि सरकारच्या ‘परिवहन’ साइटवरच्या नोंदीवरून तपासा.

जुनी गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. अशी गाडी सोडून द्या.

बोनेट उघडल्यावर वायरिंगकडं नीट बघा. आपल्याकडं गाडी धान्य-कापसाच्या शेजारीच उभी असते, उंदीर वायरी कुरतडतात. जागोजागी काळी टेप गुंडाळलेली दिसली तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. जंगलाकाठच्या गावची गाडी असेल तर रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं होतं का, ते बोल्ट सांगतात. मडगार्ड आणि बोनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे, रंग उडालेला, दोन्ही बाजूंच्या फटी कमी-जास्त, म्हणजे समोरून ठोकलेली आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, डिक्कीतलं स्टेपनीवरचं झाकण उचला. तिथं वाळलेला गाळ असेल तर ती पुरात उभी होती. एसी लावून भर दुपारी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. विदर्भाच्या मे महिन्यात कमजोर रेडिएटर तिथंच उघडा पडतो. टायरवर चार आकडे असतात. 3221 म्हणजे 2021 सालचा बत्तिसावा आठवडा. समृद्धीवर ताशी 120 नं जाणार असाल तर जुन्या, तडे गेलेल्या टायरवर जाऊ नका, आणि नव्या टायरचे पैसे सौद्यातून कापा.

शेवटी कागद. सातबाऱ्यावर जसा बोजा, तशी आरसीवर बँकेची नोंद असते. ती असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि ती नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसारापलीकडं पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहे का ते परिवहनच्या साइटवर बघा. मध्य प्रदेश किंवा तेलंगणा पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओचा दाखला आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घ्या आणि थोडी रक्कम आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. विमा 14 दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, त्याच्याकडंच राहतो, त्यामुळं विम्याच्या हप्त्यातला फरक तुम्हाला भरावा लागेल.